शाल-श्रीफळ नको, बिदागी द्या

भिलाईहून बोलतोय.

आजचा विषय आहे पूर, भूकंप, वादळ अशा संकटानंतर होणाऱ्या गाण्याच्या कार्यक्रमांचा. 'पूरग्रस्तांच्या मदतीसाठी संगीत संध्या' असा फलक तुमच्या गावातही लागला असेल. त्या मंचावर बसलेला कलाकारच पूरग्रस्त असेल तर काय करायचं, याबद्दल मला बोलायचं आहे. हे मी माझ्या चुकीतून शिकलो, म्हणून आधी चूकच सांगतो.

ऑगस्ट 2019. सांगली-कोल्हापूरला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. टीव्हीवर ती दृश्यं पाहून आमच्या इथली मराठी मंडळी अस्वस्थ झाली. भिलाईत पोलाद कारखान्याच्या निमित्ताने आलेली आणि इथलीच झालेली मराठी घरं बरीच आहेत. आम्ही ठरवलं, अभंग आणि नाट्यपदांचा कार्यक्रम करू, तिकिटं लावू, पैसे पाठवू. फौजेतला निवृत्त माणूस म्हटला की व्यवस्था त्याच्याकडेच येते, तशी ती माझ्याकडे आली.

गायक आमचेच, हौशी. तबल्याला कुणी मिळेना. कुणीतरी सांगितलं की दुर्गला एक तबलावाले नातेवाइकांकडे आले आहेत, सांगलीकडचे आहेत. मी फोन केला. म्हटलं, "तुमच्याच भागासाठी कार्यक्रम आहे, याल ना?" ते आले. दोन तास सुरेख वाजवलं. आम्ही शाल दिली, नारळ दिला, टाळ्या वाजवल्या. निघताना ते माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "साहेब, परतीच्या तिकिटाचं काही होईल का?"

मग कळलं. घरात पाणी शिरलं म्हणून ते बायको-मुलांना घेऊन इथे आले होते. त्यांची तबल्याची जोडी घरातच राहिली होती, पाण्याखाली. आमच्या मंचावर त्यांनी वाजवली ती जोडी मागून आणलेली होती. पूरग्रस्तांसाठी म्हणून आम्ही ज्या माणसाकडून फुकट वाजवून घेतलं, तोच त्या सभागृहातला एकमेव पूरग्रस्त होता.

तिकिटाचे पैसे अर्थातच दिले. पण ते मागायची वेळ त्यांच्यावर आली, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. तेव्हापासून मी हा विषय समजून घेत आलो आहे.

कलाकार यादीत का बसत नाही

मी तीस वर्षं गणवेशात काढली. पूर आला की सैन्याची तुकडी जाते, तेव्हा कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी माणसं बाहेर काढायची, मग औषध, पिण्याचं पाणी, अन्न, मग रस्ता आणि पूल. यात तबला कुठेच नाही आणि नसावाही. माणूस बुडत असताना पेटी वाचवायला कुणी जात नाही.

प्रश्न नंतर सुरू होतो. पाणी ओसरलं की तलाठी पंचनाम्याला येतो आणि नुकसान मोजलं जातं. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून किती मदत द्यायची याचे दर केंद्र सरकार ठरवतं. 2022 ते 2026 या काळासाठीच्या दरांत दुभती गाय किंवा म्हैस गेली तर 37,500 रुपये होते, शेळी-मेंढीला 4,000 होते. घर पाण्याखाली गेलं तर कपड्यांसाठी 2,500 आणि भांड्यांसाठी 2,500 होते. हस्तकला आणि हातमागाच्या कारागिराची अवजारं गेली तर 5,000 आणि कच्चा माल गेला तर आणखी 5,000 होते.

म्हणजे तंबोरा बनवणारा माणूस कारागीर म्हणून कदाचित या यादीत बसेल. तंबोरा वाजवणाऱ्याला मात्र ओळ नाही. म्हैस ही उपजीविका आहे हे सरकारला कळतं, ढोलकी ही उपजीविका आहे हे कागदावर येत नाही. पंचनामा करणाऱ्याचा दोष नाही, त्याच्या छापील तक्त्यात तो रकानाच नाही. शिवाय पाच हजार मिळाले असते तरी चांगली तबल्याची जोडी दहा हजारांच्या आसपास सहज जाते.

महामारीच्या काळात, 2021 मध्ये, महाराष्ट्र शासनाने कलावंतांना एकरकमी 5,000 रुपये द्यायचा निर्णय घेतला होता. म्हणजे मनात आणलं तर रकाना तयार होतो. पण तेव्हाही प्रश्न उभा राहिलाच, की कलाकार कोण हे कुठल्या कागदावरून ठरवायचं? जत्रेत हलगी वाजवणाऱ्याकडे नेमणूकपत्र नसतं.

पाणी वाद्याचं काय करतं

वाद्य भिजलं तर वाळवून वापरावं, असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही.

तबल्याची पुडी चामड्याची. ती भिजली की ताण जातो, आणि मधली शाई, जी लोखंडाची पूड आणि खळ घोटून थरावर थर चढवलेली असते, ती सुटते. नवी पुडी बसवणं हाच उपाय. पेटीच्या भात्याचे जोड उकलतात, सूर देणाऱ्या पितळी पट्ट्यांत गाळ बसतो. पेटी वाळली तरी सुरात राहत नाही. इथे छत्तीसगडमध्ये मांदर वाजतो, त्याचं खोड भाजलेल्या मातीचं. खोड टिकेल, पण चामडं आणि वाद्या जातात.

सगळ्यात नाजूक तंबोरा आणि सतार. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचा धंदा बसला तेव्हा फरीदसाहेब सतारमेकर यांच्यासारख्यांनी त्याच हातांनी तंतुवाद्यं घडवायला घेतली. फौजी म्हणून मला ही गोष्ट फार आवडते. तंबोऱ्याचा खालचा भाग म्हणजे वाळवलेला कडू भोपळा. हे भोपळे पंढरपूरच्या बाजूला नदीकाठच्या रानात पिकतात. म्हणजे पुराचं पाणी एकीकडे तयार वाद्यावर येतं आणि दुसरीकडे पुढच्या वर्षीच्या भोपळ्यांवरही येऊ शकतं. भोपळा आणि लाकूड परंपरेने सरसाने चिकटवतात. सरस पाण्यात विरघळतो, आणि वाद्य जोडांतून सुटं होतं.

दुसरा पूर: रद्द झालेले कार्यक्रम

वाद्य गेलं हे नुकसान निदान डोळ्यांना दिसतं. दुसरं नुकसान दिसत नाही, आणि ते आपण करतो, तेही चांगल्या मनाने.

2019 चं कॅलेंडर आठवा. पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात, गणेश चतुर्थी 2 सप्टेंबरला. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, मग जत्रा. लोककलाकाराच्या वर्षाची कमाई याच काळात होते. त्या वर्षी महाराष्ट्रभर अनेक मंडळांनी उत्सव साधेपणाने केला, कार्यक्रम रद्द केले आणि वाचलेला पैसा पूरग्रस्तांना दिला. हेतू सोन्यासारखा होता. पण रद्द काय झालं? रोषणाई कमी झाली तशी भजनी मंडळाची, शाहिराची, सनई-चौघड्याची, बँडवाल्याची सुपारीही रद्द झाली. ज्यांची घरं भिजली त्यांचाच हंगामही गेला. एका हाताने आपण धान्याची पिशवी दिली आणि दुसऱ्या हाताने कामाचा दिवस काढून घेतला.

संकटात गाणं-बजावणं शोभत नाही, असंही आपल्याला वाटतं. शोक पाळावाच. पण वाजवणं हा ज्याचा धंदा आहे त्याला तुम्ही गिरणी कामगाराला म्हणता तसं "आता महिनाभर गिरणी बंद ठेव" म्हणत आहात. लष्करात कुठल्याही पलटणीच्या मंदिरात जा, ढोलक, पेटी आणि झांजा दिसतील. कठीण ठाण्यावरही जवान संध्याकाळी भजनाला बसतात. गाणं ही चैन नाही, हे फौजेला ठाऊक आहे.

इतरांसाठी गाणं आणि गाणाऱ्यासाठी गाणं

मदतीसाठी गाण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात इप्टाच्या कलापथकांनी देशभर फिरून निधी जमवला. आपल्या अण्णाभाऊ साठ्यांनी 'बंगालची हाक' हा पोवाडा त्याच दुष्काळावर रचला.

जगाला माहीत असलेलं उदाहरण पंडित रविशंकरांचं. नोव्हेंबर 1970 मध्ये पूर्व पाकिस्तानात भयंकर चक्रीवादळ आलं, लाखो माणसं गेली. त्यावर युद्ध आणि निर्वासितांचे लोंढे. रविशंकरांनी जॉर्ज हॅरिसनला सांगितलं, आणि 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी दोन कार्यक्रम झाले. सुरुवात रविशंकरांची सतार, अली अकबर खाँचा सरोद आणि अल्लारखाँचा तबला अशी झाली. तिकिटांतून जवळपास 2,43,000 डॉलर युनिसेफकडे गेले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचा पुष्कळ मोठा पैसा अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकला, कारण करसवलतीची कागदपत्रं आधी केलेली नव्हती. हेतू कितीही मोठा असो, खातं आणि कागद आधी, गाणं नंतर. हा धडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

ही दोन्ही उदाहरणं कलाकारांनी इतरांसाठी केलेल्या मदतीची. कलाकारच बुडाला तर काय करायचं, याचा सगळ्यात चांगला नमुना मला सापडला तो अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात.

29 ऑगस्ट 2005. कतरिना वादळ आलं, बांध फुटले आणि शहराचा सुमारे 80 टक्के भाग पाण्याखाली गेला. हे शहर पारंपरिक जॅझचं माहेर. आपल्याकडे बँडवाल्यांची आळी असते, तशा तिथल्या गरीब वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाजवणारी घराणी. फॅट्स डॉमिनोसारख्या जगप्रसिद्ध कलावंतालाही नावेतून बाहेर काढावं लागलं, त्याचे पियानो घरातच बुडाले. साध्या वादकांचं काय झालं असेल, विचार करा. ते दूरदूरच्या शहरांत विखुरले.

पहिले कार्यक्रम लगेच झाले. 17 सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये, 20 सप्टेंबरला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं काम. त्यात तीन गोष्टी होत्या.

पहिली, रोजगार. जॅझ फाउंडेशन ऑफ अमेरिका या संस्थेने विस्थापित वादकांना नुसते धनादेश दिले नाहीत. शाळांत आणि वृद्धाश्रमांत वाजवायचं काम दिलं आणि प्रत्येक कार्यक्रमाचे पैसे दिले. मुलांना संगीत मिळालं, म्हाताऱ्यांना सोबत मिळाली आणि वादकाला हात न पसरता पैसे मिळाले.

दुसरी, वाद्यं. ज्यांची बुडाली त्यांना नवी दिली.

तिसरी, घर. ब्रॅनफर्ड मार्सालिस आणि हॅरी कॉनिक ज्युनियर या दोन कलावंतांच्या कल्पनेतून हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेने संगीतकारांची वस्ती उभी केली. 72 घरं, आणि मध्यभागी 2011 मध्ये सुरू झालेलं संगीत केंद्र.

आणि त्यांनी उत्सव रद्द केला नाही. 2006 च्या वसंतात, शहर अर्धं ओसाड असताना, तिथला जॅझ महोत्सव झाला. स्थानिक वादकांना परत यायला कारण मिळालं. आपण 2019 मध्ये केलं त्याच्या हे अगदी उलट.

भिलाईला हे नवं नाही

तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं अमेरिकेत. मग इथलं सांगतो. तीजनबाईंचं नाव सगळ्यांना माहीत आहे. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या. हातात तंबुरा घेऊन, उभं राहून कापालिक शैलीत पंडवानी गाणारी ही बाई, घरची अतिशय गरिबी. भिलाई पोलाद कारखान्याने त्यांना नोकरी दिली. दर महिन्याला पगार येऊ लागला आणि त्या गात राहिल्या. 2019 मध्ये, म्हणजे आमच्या त्या कार्यक्रमाच्या वर्षीच, त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्या प्रतिभेचं श्रेय त्यांचंच. पण महिन्याचा निश्चित पैसा हातात असेल तर कलाकार वाईट वर्ष काढू शकतो, हे आम्ही भिलाईकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कार्यक्रम कसा करावा

आता कामाचं बोलू. तुमच्या मंडळाला असा कार्यक्रम करायचा असेल तर मी शिकलो ते क्रमाने सांगतो.

एक. कलाकार संकटग्रस्त भागातला बोलवा आणि बिदागी आधी ठरवा. फोनवर पहिल्या मिनिटात आकडा सांगा. "तुमच्याच लोकांसाठी आहे" हे वाक्य कधीही वापरू नका. त्या वाक्यानंतर माणूस नाही म्हणू शकत नाही, आणि पैसेही मागू शकत नाही.

दोन. जाण्या-येण्याचं तिकीट तुम्ही काढून पाठवा. साथीदारांचंही. मुख्य गायकाला पाकीट आणि झांजवाल्याला चहा, असं चालणार नाही.

तीन. सभागृह, ध्वनियंत्रणा, चहापाणी यांचा खर्च प्रायोजकाकडून घ्या. तिकिटाचा पैसा त्याला लावू नका. उदाहरणाचा हिशेब मांडतो. समजा 300 तिकिटं, प्रत्येकी 200 रुपये, म्हणजे 60,000. आठ कलाकारांना प्रत्येकी 3,000 प्रमाणे 24,000. प्रवास आणि मुक्काम 10,000. उरले 26,000, ते वाद्यांसाठी. तेवढ्यात तबल्याच्या दोन जोड्या आणि एका पेटीची दुरुस्ती होऊ शकते. आकडा लहान वाटेल, पण दोन घरांचा धंदा पुन्हा उभा राहतो.

चार. वाद्य तुमच्या पसंतीने आणून देऊ नका. वादकाला त्याच्या ओळखीच्या कारागिराकडे जाऊ द्या, बिल तुम्ही भरा. तबलजीला कुठल्या सुराची जोडी हवी ते त्यालाच कळतं. आणि तो कारागीरही बहुधा त्याच पुरातला असतो, म्हणजे एकाच पैशात दोघांना काम मिळतं.

पाच. खातं नोंदणीकृत संस्थेचं असावं. जमाखर्च आठवड्याच्या आत फलकावर लावा. बांगलादेशच्या कार्यक्रमाचा धडा इथे लागतो.

सहा. एकदाच करू नका. पुरानंतर महिनाभर सगळे मदत करतात. कलाकाराला खरी अडचण चौथ्या-पाचव्या महिन्यात येते, उधारी थकलेली आणि हंगाम गेलेला असतो तेव्हा. कार्यक्रम तेव्हा ठेवा. फौजेत रसद पहिल्या दिवसाची कधीच कमी पडत नाही, ती पंधराव्या दिवशी कमी पडते.

एक आक्षेप नेहमी येतो. घर गेलेल्या शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढून वादकाला द्यायचा का? नाही. शेतकऱ्याला जे मिळतं ते मिळू द्या, पुष्कळदा तेही अपुरंच असतं. मी वेगळ्या पैशाबद्दल बोलतोय. गणपतीत, नवरात्रात, दिवाळीत आपण कार्यक्रमांवर खर्च करतोच. त्या वर्षी तो खर्च बंद न करता त्याची दिशा बदला. मोठ्या शहरातला ऑर्केस्ट्रा न बोलवता पूर आलेल्या गावचं भजनी मंडळ बोलवा. एवढंच.

शेवटी त्या तबलावाल्यांचं सांगतो. डिसेंबरमध्ये मी त्यांना पुन्हा फोन केला. आधी बिदागीचा आकडा सांगितला, मग तारीख विचारली. थोडा वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "साहेब, तारखेला माझी स्वतःची जोडी असेल का सांगता येत नाही." मी म्हटलं, "म्हणूनच अर्धे आधी पाठवतोय."

ते आले, स्वतःची जोडी घेऊन. नवी होती, अजून पुरती रुळलेली नव्हती, हातोडीने सारखं सुरात आणावं लागत होतं. मंचावर बसून ते दहा मिनिटं ठोकत राहिले आणि सभागृहातलं कुणीही कंटाळलं नाही. या वेळी आम्ही शाल दिली नाही. पाकिटावर त्यांची सही घेतली.

तुमच्या मंडळाने असं काही केलं असेल, तर हिशेबासकट मला कळवा. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.